अध्यक्ष व्हायला गुरुदीक्षा लागत नाही

७ सप्टेंबर १९२१ ची संध्याकाळ. डब्लिन शहरात फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या मायरा हाउसमधली एक खोली. टेबलावर पांढरं कापड, त्यावर पवित्र मरियेची मूर्ती, दोन्ही बाजूंना फुलं आणि पेटत्या मेणबत्त्या. टेबलाभोवती पंधरा बायका, एक धर्मगुरू आणि फ्रँक डफ नावाचे एक सरकारी नोकर. प्रार्थना झाली, रुग्णालयातल्या गरीब रुग्णांना भेटायला जायचं ठरलं. या गटाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या एलिझाबेथ किर्वन. धर्मगुरू खोलीत होते, पण अध्यक्ष ते नव्हते, आणि डफही नव्हते. पुढे जगभर पसरलेल्या ‘लिजन ऑफ मेरी’ची ही पहिली बैठक.

हे आधी सांगायचं कारण असं, की ‘कॅथलिक चर्चमध्ये बाईला पुढारीपण मिळत नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की ते नेमकं कशाबद्दल आहे हे विचारायचं राहून जातं. त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. गुरुदीक्षा कोणाला मिळते, म्हणजे धर्मगुरू कोण होऊ शकतं, हा पहिला. तिथे चर्चची भूमिका ठाम आहे: फक्त पुरुष. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत मांडली. दुसरा प्रश्न, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांनी मिळून उभ्या केलेल्या संघटनेचं नेतृत्व कोणी करायचं? त्याचं उत्तर पूर्ण वेगळं आहे, आणि हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. ज्यांना गुरुदीक्षा मिळालेली नाही त्या सर्वांना चर्चच्या भाषेत प्रापंचिक म्हणतात. शिक्षिका, शेतकरी, वकील, घर सांभाळणारी आई, सगळे प्रापंचिक. इथे हमखास गोंधळ होतो तो सिस्टरांच्या बाबतीत. धर्मभगिनी व्रतस्थ असतात, त्यांचा वेश, मठ, नियम वेगळे, त्यामुळे रोजच्या बोलण्यात त्यांना कोणी प्रापंचिक म्हणत नाही. पण गुरुदीक्षा त्यांनाही नसते. त्यामुळे ‘धर्मगुरू की धर्मगुरू नसलेला’ एवढीच विभागणी केली, तर सिस्टरही धर्मगुरू नसलेल्यांच्या बाजूला येतात. व्हॅटिकनमध्ये एखाद्या सिस्टरची मोठ्या पदावर नेमणूक झाली की बातमीत कधी ‘पहिली स्त्री’ लिहितात, कधी ‘पहिली प्रापंचिक स्त्री’. दोन्ही एकच नव्हे. पुढे मी ‘प्रापंचिक संघटना’ म्हणते ती घरसंसारातल्या, नोकरीधंद्यातल्या माणसांची, किंवा त्यांच्यासारखंच जगात राहून काम करणाऱ्यांची.

आता कायदा. चर्चची सध्याची कायदेसंहिता १९८३ ची. तिचं कलम २०८ म्हणतं की बाप्तिस्म्यामुळे सर्व श्रद्धावंत प्रतिष्ठेत आणि कार्यात समान आहेत. कलम २१५ त्याच्या पुढे जातं: दानधर्म, भक्ती किंवा ख्रिस्ती जीवनाचा प्रसार अशा हेतूंसाठी संघटना स्थापन करायला आणि त्या चालवायला श्रद्धावंत मोकळे आहेत. ‘चालवायला’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. संघटना काढायची मुभा आणि चालवायला मात्र दुसरा कोणी, असं तिथे लिहिलेलं नाही. आणि श्रद्धावंत म्हणजे पुरुष श्रद्धावंत, असंही नाही.

या संघटना दोन प्रकारच्या असतात. खासगी संघटना सभासद आपसांत करार करून काढतात. त्या आपला अध्यक्ष आणि पदाधिकारी स्वतः, आपल्या घटनेप्रमाणे निवडतात. त्यांना आध्यात्मिक सल्लागार हवा असेल तर एखादा धर्मगुरू त्या स्वतः सुचवतात, बिशप त्याला मान्यता देतो. सार्वजनिक संघटना चर्चचा अधिकारी स्वतः स्थापन करतो. ती चर्चच्या नावाने काम करते, तिची मालमत्ता चर्चची मालमत्ता ठरते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तिथे निवडून आलेल्या अध्यक्षाला वरून मान्यता लागते, काही ठिकाणी थेट नेमणूकच होते. पण याच सार्वजनिक संघटनांबद्दल कलम ३१७ सांगतं की धर्मगुरूंची खास संघटना नसेल तर प्रापंचिक व्यक्ती तिची प्रमुख होऊ शकते, आणि घटनेत वेगळं म्हटलं नसेल तर आध्यात्मिक संचालकाने प्रमुखपद घेऊ नये. फादरांनी अध्यक्ष व्हायचं नाही, हा नियम आहे. बऱ्याच सभासदांना तो माहीतच नसतो. अध्यक्ष बाई बोलता बोलता थांबते, फादरांकडे बघते, त्यांनी मान हलवली की पुढचं वाक्य पूर्ण करते, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कायद्याने तिला थांबवलेलं नसतं.

अर्थात कायदा नेहमीच असा नव्हता. त्याआधीची संहिता १९१७ ची. तिच्या कलम ७०९ मध्ये म्हटलं होतं की बंधुसंघांमध्ये, म्हणजे चर्चने रीतसर स्थापन केलेल्या भक्तिमंडळांमध्ये, बायकांची नावं घालता येतील, पण सभासदांना मिळणारे आध्यात्मिक लाभ मिळवण्यापुरतीच. म्हणजे प्रार्थनेचं पुण्य मिळेल, कारभारात जागा मिळणार नाही. डब्लिनच्या त्या खोलीत एलिझाबेथ किर्वन अध्यक्ष झाल्या तेव्हा हेच कलम लागू होतं. लिजन हा कायद्याच्या अर्थाने बंधुसंघ नव्हता, म्हणून तिला ते आड आलं नाही. बायकांचं काम बरेचदा असंच कायद्याला वळसा घालून उभं राहिलंय.

याची एक जुनी गोष्ट ४०० वर्षांपूर्वीची. १६१७ मध्ये फ्रान्समधल्या शातियाँ गावी व्हिन्सेंट डी पॉल धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्साची तयारी करताना त्यांना कळलं, की गावाबाहेर एका घरात सगळेच आजारी पडलेत, बघायला कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी तिकडे निघाले तर वाटेवर बायकांची रीघ, कोणी अन्न घेऊन चाललेली, कोणी परत येणारी. त्यांच्या लक्षात आलं: एवढं अन्न आज वाया जाईल आणि परवा ते घर पुन्हा उपाशी राहील. दया भरपूर होती, व्यवस्था नव्हती. म्हणून त्यांनी त्या बायकांचीच संघटना बांधली आणि तिला नियमावली लिहून दिली.

ती नियमावली वाचण्यासारखी आहे. रुग्णाकडे जेवण घेऊन जाताना हसतमुख जायचं, पलंगावर ताटाची फळी ठेवायची, वर रुमाल, चमचा, पाव, रुग्णाचे हात धुवायचे, प्रार्थना म्हणायची, मांस बारीक करून द्यायचं. ज्या रुग्णांजवळ घरचं माणूस आहे त्यांच्याकडे आधी जायचं, एकट्या रुग्णाकडे शेवटी, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येईल. बायकांनी आपल्यातूनच एक प्रमुख निवडायची, तिच्या मदतनीस निवडायच्या. आणि पैसा? पैशाचा व्यवहार एकट्या बायकांच्या हाती असणं बरं नव्हे, म्हणून कारभारी म्हणून एखादा धर्मगुरू किंवा गावातला भला माणूस निवडावा, असं त्याच नियमावलीत होतं.

३३ वर्षांनी, १६५० मध्ये, याच व्हिन्सेंट यांनी एका पत्रात उलट अनुभव लिहून ठेवला. पुरुष आणि बायका एकत्र कारभार करतात तिथे पुरुषांना सगळं आपल्या हातात हवं असतं आणि बायकांना ते सहन होत नाही, असं त्यांनी नोंदवलं. बायकांच्या हिशेबाबद्दल त्यांनी साक्षच दिली: इतक्या काळजीने आणि चोख काम करतात की नाव ठेवायला जागा नाही. एवढ्या मोठ्या माणसाने कामातून शिकून आपलं मत बदललं, हे मला त्यांच्या संतपणाइतकंच मोलाचं वाटतं. ती संघटना आजही आहे, अनेक देशांत आहे, आणि तिचा कारभार बायकाच बघतात.

पोलिन जारिको यांच्या वाट्याला असं नशीब आलं नाही. फ्रान्समधल्याच लियाँ शहरातली ही तरुणी. मिशनकार्यासाठी पैसे कसे उभे करायचे यावर तिने विशीतच एक युक्ती काढली. एकीने दहा जण गोळा करायचे. प्रत्येकाने रोज प्रार्थना करायची आणि आठवड्याला एक सू, म्हणजे सगळ्यांत लहान नाण्यांपैकी एक, द्यायचा. अशा दहा गटांवर एक प्रमुख, म्हणजे शंभर माणसं. तशा दहांवर आणखी एक, म्हणजे हजार. पैसे खालून वर जायचे आणि मिशनच्या बातम्या वरून खाली यायच्या. रेशीम कामगारांच्या खिशाला परवडेल अशी ही साखळी होती. १८२२ मध्ये तिच्यातून रीतसर संस्था स्थापन झाली, तेव्हा कारभारी मंडळावर पुरुष बसले. जिची कल्पना, ती वर्गणी गोळा करणाऱ्यांपैकी एक उरली. १८६२ मध्ये जारिको गरिबीत वारल्या. २०२२ मध्ये, त्या संस्थेला २०० वर्षं झाली त्याच महिन्यात, चर्चने त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मला या सन्मानाचा आनंद आहेच. पण धन्यवादित घोषित करणं सोपं आणि मंडळावर खुर्ची देणं अवघड, हे या गोष्टीतून दिसतं ते मी झाकून ठेवणार नाही.

विसाव्या शतकात बायकांनी देशांच्या सीमा ओलांडून संघटना बांधल्या. १९१० मध्ये कॅथलिक स्त्रियांच्या संघटनांचा जागतिक संघ सुरू झाला. इटलीत १९१८ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी आर्मिदा बारेल्ली या मिलानच्या तरुणीवर देशभरातल्या कॅथलिक मुलींची संघटना उभी करण्याचं काम सोपवलं. त्या काळात लग्न न झालेल्या मुलीने एकटीने रेल्वेने गावोगाव जाऊन सभा घेणं हीच केवढी मोठी गोष्ट. बारेल्ली यांनी ते वर्षानुवर्षं केलं.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद आली, १९६२ ते १९६५. जगभरचे बिशप रोममध्ये जमून चर्चच्या भवितव्यावर बोलत होते, आणि पहिली दोन सत्रं सभागृहात एकही स्त्री नव्हती. बेल्जियमच्या कार्डिनल सुनेन्स यांनी १९६३ मध्ये उभं राहून आठवण करून दिली की बायका मानवजातीच्या निम्म्या आहेत. त्यानंतर १९६४ पासून एकूण २३ स्त्रियांना श्रोत्या म्हणून बोलावलं गेलं. त्यांतल्या १० धर्मभगिनी आणि १३ प्रापंचिक. पहिल्या आत गेल्या त्या फ्रान्सच्या मारी-लुईझ मोने, एका प्रापंचिक चळवळीच्या संस्थापक. स्पेनच्या पिलार बेलोसिय्यो होत्या, वर सांगितलेल्या जागतिक संघाच्या अध्यक्ष. ऑस्ट्रेलियाच्या रोझमेरी गोल्डी होत्या, प्रापंचिकांच्या जागतिक परिषदा भरवणाऱ्या समितीच्या सचिव. या बायका कोणाच्या तरी पत्नी किंवा बहिणी म्हणून आल्या नव्हत्या. बोलावणाऱ्यांना त्यांची नावं मिळाली ती त्या आधीपासून संघटना चालवत होत्या म्हणून.

श्रोत्या म्हणजे ऐकणाऱ्या. मतदान नाही, भर सभेत भाषण नाही. १३ ऑक्टोबर १९६४ रोजी पॅट्रिक कीगन या प्रापंचिक पुरुषाला परिषदेपुढे बोलू दिलं. स्त्रियांनाही बोलू द्यावं ही विनंती मान्य झाली नाही. परिषद संपेपर्यंत एकही स्त्री त्या व्यासपीठावरून बोलली नाही. कॉफीसाठीही त्यांची वेगळी जागा केली होती. पण मसुदे लिहिणाऱ्या छोट्या समित्यांमध्ये त्या बसल्या आणि तिथे बोलल्या. एक आठवण सांगितली जाते: थोर धर्मपंडित इव्ह काँगार यांनी बायकांच्या स्तुतीचा एक फुलाफुलांचा उतारा गोल्डी यांना दाखवला. गोल्डी यांनी त्यांना तो काढून टाकायला सांगितला. बायकांना मखर नको, पूर्ण माणूस म्हणून ओळख हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या कार्यावरचा जो हुकूमनामा निघाला त्याच्या नवव्या परिच्छेदात साधं, सरळ वाक्य आहे: समाजजीवनात स्त्रियांचा सहभाग वाढत असताना चर्चच्या कार्यक्षेत्रांतही तो वाढणं फार महत्त्वाचं आहे. फुलं नाहीत.

१९६७ मध्ये गोल्डी व्हॅटिकनच्या प्रापंचिकविषयक विभागात उपसचिव झाल्या. १९७६ मध्ये विभागाची फेररचना झाली, त्यांचं पद गेलं, त्या शिकवायला गेल्या. आजच्या प्रापंचिक, कुटुंब आणि जीवन विभागात २०१७ मध्ये लिंडा गिझोनी आणि गाब्रिएल्ला गांबिनो या दोघी उपसचिव झाल्या. मधली ४१ वर्षं मोजली की कळतं, एकदा मिळालेली जागा कायमची मिळाली असं धरून चालू नये.

म्हणूनच मला फोकोलारे या कॅथलिक चळवळीचं उदाहरण इतकं आवडतं. कियारा लुबिक या तरुणीने १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, इटलीतल्या त्रेंतो शहरात ती सुरू केली. पुढे तिच्यात पुरुष आले, जोडपी आली, धर्मगुरू आले. अशा वेळी सहसा काय होतं? संस्थापक बाई गेली की ‘आता जरा व्यवस्थित कारभार करू’ म्हणत पुरुष पुढे येतात. लुबिक यांनी हे आधीच ओळखलं असावं. चळवळीची अध्यक्ष नेहमी स्त्रीच असेल, असं त्यांनी घटनेतच घालायचं ठरवलं, पोप जॉन पॉल दुसरे यांची त्याला संमती मिळवली आणि १९९० मध्ये ती घटना मंजूर झाली. अध्यक्षांच्या सोबतीला सह-अध्यक्ष म्हणून धर्मगुरू असतो, पण पहिली खुर्ची स्त्रीची. २००८ मध्ये लुबिक वारल्या आणि मारिया व्होचे निवडून आल्या. २०२१ मध्ये हैफात जन्मलेल्या पॅलेस्टिनी अरब कॅथलिक मार्गारेट कर्राम. कोणाच्या चांगुलपणावर काही सोडलं नाही. लिहून ठेवलं.

याच्या शेजारी इटलीची कॅथलिक अॅक्शन ठेवून बघा. १८६७ पासूनची प्रापंचिकांची संघटना, बारेल्लींच्या मुली तिचाच भाग, बायका लाखोंनी. तिथे राष्ट्रीय अध्यक्षपदी पहिली स्त्री, पाओला बिन्यार्दी, आली १९९८ मध्ये. १३१ वर्षं! कायद्याची आडकाठी संपून तोवर १५ वर्षं झाली होती. ही नेमणूक संघटनेने सुचवलेल्या तीन नावांतून बिशपांची परिषद करते, हेही लक्षात ठेवायला हवं. पद कोणाला मिळतं हे जसं सभासदांच्या सवयीवर ठरतं तसंच ते शेवटची सही कोणाची यावरही ठरतं. २०११ मध्ये कारितासच्या जागतिक संघाच्या महासचिव लेस्ली-अॅन नाइट यांना दुसऱ्यांदा उभं राहायला रोमची संमती मिळाली नाही आणि त्यांची कारकीर्द तिथे थांबली. कारितास ही बिशपांच्या छायेतली दानसंस्था, निव्वळ प्रापंचिक संघटना नव्हे, आणि अशी संमती पुरुषांनाही लागते. तरी मुद्दा राहतोच: सभासदांचा विश्वास असणं आणि पद हाती राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून एखाद्या संघटनेत बाई अध्यक्ष आहे हे कळलं की मी पुढे विचारते, घटनेत काय आहे? अध्यक्ष निवडून येते की नेमली जाते? बँकेत सही कोणाची चालते? ठराव फादरांना पटला नाही तर त्याचं काय होतं? बैठक किती वाजता असते, लहान मुलं आणि म्हातारे सासू-सासरे सांभाळणारीला त्या वेळी घराबाहेर पडता येतं का? शेवटचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. पण कितीतरी चांगल्या बायका चिटणीसपदावर अडकून राहतात त्या यामुळेच. इतिवृत्त रात्री घरी बसून लिहिता येतं, प्रवास आणि वाटाघाटी रात्री घरी बसून करता येत नाहीत.

११ जून २०२१ चा व्हॅटिकनचा हुकूम या सगळ्यात महत्त्वाचा आहे, जरी तो बायकांसाठी म्हणून काढलेला नाही. रोमची मान्यता असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये मध्यवर्ती पदाधिकाऱ्यांची मुदत जास्तीत जास्त ५ वर्षांची, सलग १० वर्षांपेक्षा जास्त कोणी बसायचं नाही, आणि सर्वोच्च प्रमुखाला तर आयुष्यात एकूण १० वर्षंच. संस्थापकांना सवलत मिळू शकते. शिवाय निवडणुकीत सर्व सभासदांचा थेट किंवा प्रतिनिधींमार्फत आवाज हवा. ज्या संघटनांत स्त्री प्रमुख वर्षानुवर्षं होती, तिथे काहींना हे जाचक वाटलं. मला ते चांगलंच वाटतं. खुर्ची रिकामी झाल्याशिवाय खालच्या फळीतल्या बाईला वर यायला जागा कुठून होणार?

एक आक्षेप टाळून चालणार नाही. काही कॅथलिक स्त्रिया म्हणतात, प्रापंचिक संघटनांची अध्यक्षपदं पुढे करून गुरुदीक्षेचा प्रश्न मागे ढकलला जातो. त्यांचं म्हणणं निराधार नाही, असं होतं. उलट बाजूला, या संघटनांतल्या पुष्कळ बायकांना गुरुदीक्षा मुळीच नको असते, त्यांना आपलं काम नीट करू दिलं तर हवं असतं. मी कोणा एकीच्या तोंडून सगळ्यांचं म्हणणं सांगणार नाही. पण ज्या ठिकाणी काहीच अडवत नाही, तिथे तरी बायका पहिल्या रांगेत नसतील तर त्याचं खापर सिद्धांतावर फोडता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनॉडच्या, म्हणजे रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेच्या, अंतिम दस्तऐवजातल्या ६० व्या परिच्छेदाने हेच म्हटलं: चर्चमध्ये नेतृत्वाच्या भूमिका घेण्यापासून स्त्रियांना रोखावं असं कोणतंही कारण नाही. त्या परिच्छेदाच्या बाजूने २५८ मतं पडली, विरोधात ९७. साऱ्या दस्तऐवजात सर्वांत जास्त विरोध याच परिच्छेदाला झाला. मतदान करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. आदल्याच वर्षीच्या सत्रात त्यांना पहिल्यांदा तो हक्क मिळाला, तेव्हा त्या ५४ होत्या.

आणि एक नेमणूक. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बिशपविषयक विभागाचे नवे सदस्य नेमले. जगातल्या बऱ्याच धर्मप्रांतांसाठी बिशप म्हणून कोणाची नावं पोपपुढे ठेवायची, हे तिथे चर्चा आणि मतदान करून ठरतं. या सदस्यांत पहिल्यांदाच तीन स्त्रिया होत्या. दोन धर्मभगिनी, तिसऱ्या अर्जेंटिनाच्या मारिया लिआ झेर्विनो, कॅथलिक स्त्रियांच्या त्या जागतिक संघाच्या तेव्हाच्या अध्यक्ष. पिलार बेलोसिय्यो जेव्हा त्याच संघाच्या अध्यक्ष म्हणून परिषदेत बसल्या होत्या, तेव्हा भर सभेत बिशपांसमोर त्यांना तोंड उघडता आलं नव्हतं.